टांकसाळीतील चूक आणि नाण्याचे मोल : नाणेपरीक्षेतील पाठविचार

१. विषयाची मांडणी

जुन्या नाण्याची पारख करताना परीक्षकापुढे काही प्रश्न वारंवार उभे राहतात. नाण्यावरील एखादे अक्षर अपेक्षेहून वेगळे दिसते, छाप एका बाजूस सरकलेली असते, एकाच आकृतीच्या दोन कडा उमटलेल्या असतात, किंवा नाण्यावरील साल ज्ञात इतिहासाशी जुळत नाही. अशा वेळी ती टांकसाळीची चूक समजावी, काळाच्या ओघात झालेली झीज समजावी, की कोणी हेतुपुरस्सर केलेली करामत समजावी, याचा निर्णय करावा लागतो. या निर्णयावर नाण्याची बाजारातील किंमत अवलंबून असते हे उघडच आहे. परंतु नाणे हा इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावयाचा, हेही याच निर्णयावर अवलंबून असते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही समस्या अपरिचित वाटण्याचे कारण नाही. हस्तलिखितातील विसंगत शब्द हा कवीचा मानावा की लेखनिकाचा, तो अपपाठ आहे की जुन्या भाषेचा अवशेष, हा पाठचिकित्सेचा नित्याचा प्रश्न आहे. नाणे हीदेखील एक लिखित वस्तूच होय. तिला मजकूर आहे, लिपी आहे, प्रती आहेत, आणि त्या प्रती तयार करण्याची एक निश्चित प्रक्रिया आहे. प्रस्तुत लेखात नाण्यांवरील संशयित चुका कशा पारखल्या जातात याचे विवेचन काही भारतीय उदाहरणांच्या आधारे केले आहे. नाणे ज्या प्रक्रियेतून घडले ती प्रक्रिया आणि ते पाडणाऱ्यांचा हेतू ठाऊक असल्यावाचून त्यावरील कोणत्याही वैशिष्ट्याला ‘चूक’ म्हणता येत नाही. उत्तरकालीन प्रमाणांवरून ठरवलेली चूक ही बहुधा वाचकाचीच चूक असते, असे या विवेचनातून दिसून येईल.

२. नाणे घडण्याची प्रक्रिया आणि चुकीची तीन स्थाने

मराठीत नाणी ‘पाडली’ जातात. या क्रियापदातच घावाची कल्पना अंतर्भूत आहे. यंत्रे येण्यापूर्वी ठराविक वजनाची धातूची चकती खालच्या ठशावर ठेवीत, वरचा ठसा तिच्यावर धरीत आणि त्यावर हातोड्याचा घाव घालीत. ठशावर अक्षरे उलटी व खोलगट कोरलेली असत; त्यामुळे नाण्यावर ती सुलटी व उठावदार उमटत. ठसा कोरणारा कारागीर, चकती तयार करणारा, घाव घालणारा आणि धातूचा कस पाहणारा या निरनिराळ्या व्यक्ती असू शकत. प्रत्येकाच्या हातून निरनिराळ्या जातीचा दोष संभवत असे.

या प्रक्रियेकडे पाहता नाण्यावरील वैगुण्याची तीन स्थाने सांगता येतात. पहिले स्थान ठशाचे. कोरणाऱ्याने अक्षर गाळले, उलटे कोरले वा ठशाला तडा गेला, तर तो दोष त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर येतो. दुसरे स्थान आघाताचे. चकती सरकली, घाव दोनदा बसला, आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर दोष त्या एका नाण्यापुरता मर्यादित राहतो. तिसरे स्थान टांकसाळीबाहेरचे. वापरातील झीज, जमिनीतील क्षार, सराफाने धातू तपासण्यासाठी मारलेली खूण, दागिन्यासाठी जोडलेली कडी काढल्याचा व्रण, आणि अलीकडच्या काळातील बनावटगिरी या सर्वांचा समावेश तिसऱ्या स्थानात होतो. यांपैकी पहिल्या दोहोंनाच टांकसाळीची चूक म्हणता येते.

ही विभागणी करण्याचे साधन म्हणजे तुलना. एकाच नाण्याकडे कितीही बारकाईने पाहिले, तरी त्यावरील वेगळे अक्षर ठशातील आहे की आघातामुळे बिघडलेले आहे, हे नेहमीच सांगता येत नाही. तेच अक्षर, तसेच वळण आणि त्याच जागी असलेला तोच तडा दुसऱ्या नाण्यावर आढळला, की दोन्ही नाणी एकाच ठशातून पडली हे सिद्ध होते. येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. एका ठशातून हजारो नाणी पडू शकतात. त्यामुळे विशिष्ट लेखन असलेली शंभर नाणी उपलब्ध असली आणि ती सर्व एका ठशाची असली, तर त्यांची साक्ष शंभरांची नसून एका कारागिराच्या एका कृतीची असते. एकाच मातृकेवरून उतरलेल्या अनेक पोथ्या पाठनिर्णयात एकच साक्षी धरल्या जातात, त्यातलाच हा न्याय होय. साक्षी मोजण्यापेक्षा तोलणे महत्त्वाचे, हे तत्त्व दोन्ही शास्त्रांत समान आहे.

हाताने पाडलेल्या नाण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून ठशावरील संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटे. दोन्ही बाजूंच्या छापांचा परस्परांशी असलेला कोनही निश्चित नसे. तेव्हा अर्धवट मजकूर किंवा फिरलेली मागील बाजू ही अशा नाण्यांतील सर्वसाधारण स्थिती होय. येथे पूर्णता हीच दुर्मिळ असते आणि सर्व अक्षरे सामावलेल्या नाण्याला अधिक मोल येते. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत पूर्णता ही सामान्य गोष्ट असल्यामुळे तेथे मोल वैगुण्याला येते. तीच सरकलेली छाप एका युगात अनुल्लेखनीय आणि दुसऱ्या युगात मौल्यवान ठरते. वस्तूतील दोष तेवढाच असतो. बदलते ती प्रक्रियेकडून असलेली अपेक्षा.

३. शिवराईवरील लेखनभेद

१६७४ मधील राज्याभिषेकाशी निगडित असलेले शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे शिवराई या नावाने ओळखले जाते. त्याच्या दर्शनी बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि मागील बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ असा देवनागरी मजकूर असतो. मजकूर इतका थोडका असूनही त्याच्या लेखनात विलक्षण विविधता आढळते. ‘शिव’ हे नाव कोठे ‘सिव’, कोठे ‘शीव’, तर कोठे ‘सीव’ असे आले आहे. ‘छत्रपति’ आणि ‘छत्रपती’ ही दोन्ही रूपे मिळतात. अक्षरांची वळणे, काना-मात्रांची जागा, अक्षरांभोवतीची ठिपक्यांची वर्तुळे यांतही फरक आहेत. शिवराई दीर्घकाळ, महाराजांच्या निधनानंतरही, त्यांच्याच नावाने पडत राहिली. त्यामुळे हे भेद पुष्कळ ठशांचे आणि पुष्कळ हातांचे आहेत.

संग्राहकांच्या व्यवहारात यांतील काही रूपे ‘चुकीची शिवराई’ म्हणून दाखवली जातात आणि तिला वाढीव किंमत सांगितली जाते. ‘सिव’ हे खरोखर अशुद्ध लेखन आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. सतराव्या शतकातील मराठी लेखनात श आणि स यांची अदलाबदल ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. दैनंदिन कारभाराची लिपी मोडी होती आणि मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. मोडीच्या सवयीचा हात देवनागरी ठसा कोरू लागला, तर त्याने वेलांटी कोणत्या बाजूची काढावी याविषयी तत्कालीन व्यवहारात कोणतेही बंधन नव्हते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. त्या नियमांनुसार पाहावयाचे झाल्यास स्वतंत्रपणे लिहिलेला शब्द ‘छत्रपती’ असा दीर्घान्त हवा. म्हणजे ज्या ‘छत्रपति’ रूपाला सर्वजण शुद्ध समजतात, तेच अशुद्ध ठरेल. एकाच नाण्याच्या एका बाजूस संस्कृतचे प्रमाण आणि दुसऱ्या बाजूस आजच्या मराठीचे प्रमाण लावण्याची ही रीत टिकणारी नाही.

याचा अर्थ शिवराईच्या ठशांत चुका नाहीतच असा नव्हे. उलटे कोरलेले अक्षर, पूर्णपणे गळलेले अक्षर, किंवा एका ओळीतील अक्षर दुसऱ्या ओळीत घुसलेले असणे, हे दोष तत्कालीन वाचकालाही दोष म्हणूनच जाणवले असते. ठशावर उलटे कोरावयाचे असताना कारागीर क्षणभर विसरला आणि त्याने अक्षर सुलटे कोरले, तर नाण्यावर ते उलटे उमटते. येथे हेतू आणि कृती यांतील अंतर स्पष्ट दिसते. ‘सिव’मध्ये असे अंतर दाखवता येत नाही. तेव्हा चुकीची कसोटी आजचे शुद्धलेखन ही नसून त्या टांकसाळीतील तत्कालीन हेतू ही आहे.

ओबडधोबड अक्षरांची शिवराई उत्तरकालीन वा दुय्यम टांकसाळीची मानण्याकडे अनेकदा कल असतो. हेही अनुमान जपून करावयास हवे. सुबकता हा काळाचा पुरावा नव्हे. एकाच वेळी एक कुशल आणि एक नवशिका असे दोन हात काम करीत असू शकतात. ठशांची परस्परसंगती, वजनाची श्रेणी आणि सापडलेल्या निधीतील सहचारी नाणी यांचा आधार असल्यासच कालक्रमाविषयी बोलता येते.

४. दुहेरी छाप : अपघात आणि हेतू

नाण्यावर दोन छापा एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, की ती दुहेरी आघाताची चूक असावी असा पहिला तर्क होतो. हा तर्क किती फसवा ठरू शकतो हे जोगळटेंभीच्या निधीवरून दिसते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्याचा वृत्तान्त रेव्ह. एच. आर. स्कॉट यांनी १९०८ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेरा हजारांहून अधिक असलेली ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीची छाप पुन्हा मारलेली होती. नहपानाच्या मुखाकृतीवर सातवाहनांचे चैत्य अथवा पर्वताचे चिन्ह व ब्राह्मी लेख, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह उमटवण्यात आले होते.

या नाण्यांवरील गोंधळ हा टांकसाळीचा अपघात नाही. जिंकलेल्या राजाचे चलन वितळवून नव्याने पाडण्याऐवजी त्यावर आपली मुद्रा उमटवून ते चालू ठेवण्याचा तो राजकीय आणि आर्थिक निर्णय होता. दुहेरी आघात आणि पुनर्मुद्रण यांतील फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. आघात दोनदा झाला असेल, तर दोन्ही छापा एकाच ठशाच्या असतात आणि तेच तपशील थोड्या अंतरावर पुन्हा दिसतात. पुनर्मुद्रणात खालची छाप वेगळ्या ठशाची, वेगळ्या मजकुराची असते. खालची छाप आधीची आणि वरची नंतरची, हा क्रम निर्विवाद असल्यामुळे नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या पौर्वापर्याचा भक्कम पुरावा या नाण्यांनी दिला. ज्या चर्मपत्रावरील मूळ लेखन खरवडून नवे लेखन केलेले असते, त्यातील पुसट खालच्या ओळीच अभ्यासकाला अनेकदा अधिक मोलाच्या वाटतात. या नाण्यांची स्थिती तशीच आहे. एखाद्याने यांतील ‘खराब’ नाणी बाजूस सारून केवळ स्वच्छ छापाची नाणी निवडली असती, तर निधीतील इतिहासच गमावला असता.

५. न वाचता केलेली नक्कल

नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. त्यांतील ग्रीक अक्षरांत लिहिलेला मजकूर ग्रीक भाषेचा नसून भारतीय बिरुद व नाव यांचे लिप्यंतर आहे. पुढील पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर ही ग्रीक अक्षरे हळूहळू अर्थहीन होत गेली आणि अखेरीस मुखाकृतीभोवतीचे काही रेघांसारखे अवशेष तेवढे उरले. क्षत्रपांचा प्रदेश जिंकल्यानंतर दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिम भारतासाठी जी चांदीची नाणी पाडली, त्यांवरही या अक्षरांचे अवशेष राहिले आहेत.

ग्रीकच्या दृष्टीने हा अपपाठांचा ढीग होय. परंतु त्याच नाण्यांवरील ब्राह्मी लेख बहुधा वाचनीय आहे. राजाचे नाव, पित्याचे नाव, आणि पुढील काळात मस्तकामागे शक वर्षाचे अंकदेखील आहेत. म्हणजे कारागीर निष्काळजी नव्हता. ग्रीक अक्षरे त्याच्या लेखी मजकूर उरली नसून नाण्याच्या ‘नाणेपणा’चे चिन्ह झाली होती. ती वाचण्यासाठी नव्हती. परिचित चलनाचा विश्वास कायम राहावा यासाठी होती. मजकुराचे नक्षीत झालेले हे रूपांतर चूक या सदरात न घालता भाषासंपर्काच्या इतिहासात घालावयास हवे. शिवाय अक्षरे जसजशी विस्कळीत होत गेली, तो क्रम नाण्यांच्या पिढ्या लावण्यास साहाय्यक ठरतो.

पुढे अनेक शतकांनी याच तऱ्हेची स्थिती मराठा मुलुखातील रुपयांवर आढळते. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचे चिन्ह आहे. मजकूर मात्र फारसी, मोगल बादशहाच्या नावाचा आहे. अशा रुपयांवरील फारसी अक्षरे अनेकदा मोडलेली, जोड तुटलेली असतात. व्यवहारात रुपया ओळखला जाई तो चिन्हावरून आणि कसावरून. बादशहाचे नाव ही मान्यतेची औपचारिक चौकट होती आणि चौकट म्हणूनच ती कोरली गेली.

६. असत्य साल, अचूक नाणे

सालाचा आकडा चुकीचा असणे ही संग्राहकांना विशेष आकर्षक वाटणारी बाब आहे. मात्र येथेही हेतूचा शोध घ्यावा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये पाडलेल्या सिक्का रुपयावर दुसऱ्या शाह आलम बादशहाचे एकोणिसावे राज्यवर्ष कोरलेले असते. हे वर्ष उलटून गेल्यावरही, इतकेच नव्हे तर १८०६ साली बादशहाचा मृत्यू झाल्यावरही, ‘१९ सन’ हा आकडा तसाच राहिला. नाण्यावरील टांकसाळीचे नाव मुर्शिदाबाद असे असले, तरी ते कलकत्त्यालाही पाडले जाई. साल खरे नाही आणि स्थळही खरे नाही, असे हे नाणे आहे; तरीही त्यात टांकसाळीची चूक नाही.

याचे कारण सराफी व्यवहारात आहे. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला घेतला जाई. जुन्या सालाचा रुपया झिजलेला धरून त्यावर बट्टा कापला जाई. वास्तविक झीज कितीही कमी असली, तरी सालाचा आकडाच बट्ट्याला निमित्त पुरवी. आकडा गोठवून टाकल्याने हे निमित्त नाहीसे होई. १७९३ साली कंपनीने १९ सनाचा सिक्का रुपया अधिकृत चलन ठरवला, त्यामागे हीच भूमिका होती. या नाण्याला कालनिर्णयाचा पुरावा मानणारा अभ्यासक फसेल आणि चूक म्हणून विकणारा विक्रेता फसवील. नाण्यावरील साल हे विधान नसून व्यवहारातील एक उपाय होता, हे जाणल्यावरच त्याचे वाचन पुरे होते.

मराठी भाषेत ‘नाणे वाजवून घेणे’, ‘खणखणीत नाणे’, ‘बंदा रुपया’ हे प्रयोग रुळले ते याच जगातून. सराफ आणि पोतदार यांची पारख नादावर, वजनावर आणि कसावर चाले. अक्षर सुबक आहे की नाही हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्यांनी मारलेल्या तपासणीच्या खुणा संग्राहकाला व्यंग वाटतात. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ते नाणे कोणाच्या तरी हाती पारखले गेले होते याची ती पावती होय.

७. यंत्रयुगातील चूक

१८३५ साली कंपनीच्या सर्व मुलुखासाठी एकसारखा रुपया सुरू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यावर चौथ्या विल्यमची मुखाकृती होती. यंत्रावर पाडलेल्या या नाण्यांनी एकरूपतेची जी अपेक्षा निर्माण केली, तिच्यामुळेच आजच्या अर्थाने ‘टांकसाळीची चूक’ ही कल्पना शक्य झाली. एकरूपता गृहीत धरल्यावरच अपवाद दिसू लागतो.

यंत्रयुगातही चूक ठशाची की आघाताची हा भेद कायम राहतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया टांकसाळीचे १९५५ चे एक सेंटचे नाणे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ठसा तयार करताना त्यावर मूळ आकृती एकाहून अधिक वेळा दाबली जात असे. दुसऱ्या वेळी ती किंचित फिरल्यामुळे ठशावरच अक्षरे व आकडे दुहेरी कोरले गेले. त्या ठशातून पडलेल्या सर्व नाण्यांवर दुहेरीपणा अगदी सारखा आहे. याउलट नाणे पडताना ठसा थरथरला, तर अक्षराच्या कडेला एक सपाट, पायरीसारखी पट्टी उमटते. ती प्रत्येक नाण्यावर निराळी असते. पहिल्या प्रकाराला मोठे मोल आहे, दुसऱ्याला जवळजवळ नाही. दोहोंची गल्लत अज्ञानाने होते, तशी लोभानेही होते.

भारतीय टांकसाळींच्या खुणांविषयीची गल्लत याच जातीची आहे. आजच्या नाण्यांवर सालाखाली मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा आणि नॉयडाची ठिपका अशी असते. कोलकात्याची खूण नसते. खूण नसलेले नाणे ‘खूण विसरलेले’ म्हणून विकले जाते, तेव्हा ज्या अनुपस्थितीला स्वतःचा अर्थ आहे तिला उणीव ठरवले जाते.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया हा या चर्चेतील सर्वांत उद्बोधक प्रसंग म्हणावा लागेल. राजाच्या वस्त्रावरील पदकमालेत हत्तीची छोटी आकृती होती. तिची सोंड आखूड असल्यामुळे ती डुकरासारखी दिसते, असा आक्षेप भारतात घेतला गेला. ही नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट करून नवा ठसा वापरण्यात आला. येथे ठसा कोरणाऱ्याच्या हेतूप्रमाणे होता, आघात निर्दोष होता, धातूही योग्य होता. तरीही नाणे चुकले, कारण ते ज्यांच्या हाती जावयाचे होते त्यांच्या धार्मिक संवेदनांचा विचार आकृतीच्या आखणीत झाला नव्हता. चुकीचे हे चौथे स्थान ग्रहणाचे होय. ते टांकसाळीत शोधून सापडत नाही. नाण्याच्या वाचकवर्गात सापडते.

८. पारखीची रीत

या विवेचनावरून संशयित नाण्याच्या परीक्षेचा एक क्रम सांगता येतो. प्रथम वजन, व्यास आणि कडा पाहावी. ओतीव बनावट नाण्यात सूक्ष्म बुडबुड्यांचे खड्डे, बोथट अक्षरे आणि कडेवर सांध्याची रेघ मिळते. दोन्ही बाजूंस एकच मुखाकृती असलेल्या नाण्यात बहुधा दोन नाणी तासून जोडलेली असतात. भिंगाखाली कडेच्या आतील बाजूस सांधा दिसतो आणि नादही बद्द येतो. त्यानंतर वैगुण्यातील धातूचा प्रवाह पाहावा. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढील चकतीच्या एका बाजूस त्याचीच आकृती उलटी व खोलगट उमटते. ‘ब्रॉकेज’ या नावाने ओळखला जाणारा हा दोष रोमन नाण्यांपासून आधुनिक नाण्यांपर्यंत आढळतो. दोन नाणी शेगड्यात दाबून त्याची नक्कल केली जाते. परंतु अशा नकलेत मूळची उठावदार आकृती खोलगट आकृतीखाली चेपलेली राहते आणि पाठीमागील बाजूही सपाट होते. खऱ्या दोषात त्या पृष्ठभागावर मूळची आकृती कधी उमटलेलीच नसते. शेवटी त्याच जातीच्या निर्दोष नाण्यांशी आणि शक्य तर त्याच ठशाच्या नाण्यांशी ताडून पाहावे. टांकसाळीत हा दोष कोणत्या पायरीवर घडू शकला असता, या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर तो दोष टांकसाळीबाहेरचा समजावा.

नाणे स्वच्छ करण्याचा मोह हा या परीक्षेतील मोठा अडथळा आहे. आम्लाने वा घासून स्वच्छ केलेल्या नाण्यावरील हिरवट-तपकिरी थर निघून जातो. त्याबरोबर अक्षराच्या कडा, ठशाच्या तड्यांच्या रेषा आणि वैगुण्य जुने की नवे हे सांगणारा पुरावाही जातो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तरी पाठभेदांचा विचार करण्यास पुढील अभ्यासकांना अन्य हस्तलिखिते उपलब्ध होत राहिली, वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली वेगळी संहिता प्रसिद्ध करू शकावे, ते यामुळेच. नाण्याच्या बाबतीत ही सोय नाही. घासलेल्या नाण्याची जुनी प्रत मागे उरत नाही.

तीच काळजी नोंदींच्या बाबतीत घ्यावी लागते. सूचीकार ‘सिव’ असे दिसणारे अक्षर ‘शिव’ असे सुधारून छापतो, तेव्हा नाणे शाबूत राहूनही पुरावा नाहीसा होतो, कारण बहुसंख्य अभ्यासक नाण्याऐवजी सूचीच वाचतात. नाण्यावर जे दिसते ते तसेच उतरवावे, चकतीबाहेर राहिलेली अक्षरे अनुमानाने दिल्यास ती कंसात द्यावीत, आणि चूक असल्याचे मत नोंदीबाहेर स्वतंत्रपणे मांडावे, ही शिस्त हस्तलिखितांइतकीच नाण्यांनाही लागू आहे. नाणे कोठे आणि कशाबरोबर सापडले याची माहितीही या नोंदीचाच भाग होय. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले. १९७२ च्या पुरावस्तूविषयक अधिनियमाने किमान शंभर वर्षे जुन्या नाण्यांचा पुरावस्तूंत समावेश केला. या तरतुदींकडे केवळ मालकीच्या दृष्टीने पाहिले जाते. प्रत्यक्षात निधी फुटला, की एकेक नाणे सुटे, संदर्भहीन होते, आणि मग त्यावरील वैगुण्याचा निर्णय करण्यास लागणारी तुलनेची सामग्रीच उरत नाही.

९. समारोप

नाणेपरीक्षा आणि पाठचिकित्सा यांच्यातील साम्य वर ठिकठिकाणी दाखवले आहे. त्याची मर्यादाही नमूद करणे इष्ट ठरेल. पोथी लिहिणारा समोरची पोथी पाहून लिहितो, म्हणून एका प्रतीतील दोष पुढील प्रतीत उतरतो आणि वंशवृक्ष मांडता येतो. नाण्यावरून सहसा नाणे पडत नाही. प्रत्येक नाणे थेट ठशातून येते. त्यामुळे आघाताच्या चुकीला संतती नसते. संतती असते ती ठशाच्या चुकीला, आणि एक ठसा पाहून दुसरा कोरला गेला, जसे क्षत्रपांच्या ग्रीक लेखाबाबत घडले, तरच पाठपरंपरेचा न्याय पूर्णत्वाने लागू पडतो.

सराफ धातू पारखतो, संग्राहक दुर्मिळता पारखतो आणि अभ्यासक साक्ष पारखतो. तिघांची मोजमापे भिन्न असली, तरी बाजारात संग्राहकाचे माप प्रबळ झाले, की उरलेल्या दोघांच्या दृष्टीचे महत्त्व कमी होते आणि वेगळे दिसणारे प्रत्येक नाणे ‘चूक’ या एकाच नावाखाली जमा होते. शिवराईवरील ‘सिव’, नहपानाच्या मुखावरील चैत्य, अर्थ हरवलेली ग्रीक अक्षरे आणि गोठलेले ‘१९ सन’ यांपैकी एकही टांकसाळीची चूक नाही. प्रत्येकामागे कोणाची तरी लेखनसवय, सत्तेचा निर्णय, संस्कृतीचा संपर्क किंवा व्यवहारातील तोडगा आहे. ज्यांनी हे ठसे कोरले त्यांची नावे नोंदवलेली नाहीत. त्यांच्या हाताची ओळख या वेगळेपणातूनच होते. तिला चुकीचे नाव देण्यापूर्वी ते नाणे कोणत्या हेतूने, कोणत्या हातांनी आणि कोणासाठी पाडले गेले, एवढे तरी विचारले गेले पाहिजे.